गिअरचा दांडा, पॅडल आणि पितळी रिंगचा होकार

मोटारीतले गिअर काढून टाकले तर काय होईल? बहुतेकांचं उत्तर असतं, गाडी जोरात पळणार नाही. खरी गंमत बरोबर उलटी आहे. त्या गाडीला हळू चालताच येणार नाही.

हिशेब वहीच्या कोपऱ्यात मावेल एवढा आहे. छोट्या पेट्रोल गाडीचं चाक एका फेऱ्यात साधारण १.९ मीटर अंतर कापतं. इंजिनाचे फेरे चाकापर्यंत पोचताना शेवटच्या जोडणीत, डिफरन्शिअलपाशी, सुमारे चौपट कमी होतात. आणि पेट्रोल इंजिन मिनिटाला आठशे फेऱ्यांच्या फार खाली गेलं की आचके देत बंद पडतं. आठशेला चारने भागा: चाकाचे दोनशे फेरे. म्हणजे मिनिटाला ३८० मीटर, ताशी जवळपास २३ किलोमीटर. सोसायटीच्या फाटकातून बाहेर पडायचं तेही ताशी तेवीसच्या वेगाने, आणि समोर कुणी आलं म्हणून थांबलात की इंजिन बंद.

आता मध्ये पहिला गिअर घाला. तो हे फेरे आणखी साडेतीनपट कमी करतो. त्याच आठशे फेऱ्यांवर गाडी आता ताशी साडेसहा किलोमीटरने सरकते, भरभर चालणाऱ्या माणसाच्या वेगाने. फेरे जितके घटले तितका जोर वाढला, म्हणून चढावरही ती उचलते. पण याच गिअरमध्ये इंजिन सहा हजार फेऱ्यांपर्यंत पिळलं तरी गाडी ताशी पन्नासच्या आतच राहते. म्हणून दुसरा, तिसरा, चौथा, पाचवा. इंजिनाला सुखाने फिरता येईल असा पट्टा अरुंद आहे आणि रस्त्यावरचे वेग मात्र शून्यापासून शंभरापर्यंत पसरलेले. गिअरबॉक्स हा त्या दोघांमधला दुभाष्या.

उरला प्रश्न शून्य ते साडेसहाचा. तिथे एकीकडे इंजिन फिरतंय आणि दुसरीकडे चाक स्तब्ध उभं आहे. हा तुकडा क्लच सांभाळतो. फिरती चकती आणि थांबलेली चकती हळूहळू एकमेकींवर घासत एका वेगाला येतात. आपण ज्याला ‘हाफ क्लच’ म्हणतो, ते या दोन चकत्यांचं वाटाघाटी करणं असतं.

गिअरच्या दांड्याची गाडी घ्यावी की स्टिअरिंगमागच्या पॅडलची, या प्रश्नाचं मूळ मला इथे दिसतं. वेगवेगळ्या वेगाने फिरणाऱ्या दोन गोष्टींचा मेळ घालणं म्हणजे गिअर बदलणं. गेली सव्वाशेहून अधिक वर्षं शोधांची जी माळ गुंफली गेली, ती एकाच प्रश्नाभोवती: हा मेळ कोण घालणार?

तळहाताला जाणवणारी रिंग

‘गिअर टाकणे’ हा शब्दप्रयोग ऐकून डोळ्यांपुढे असं चित्र येतं, की आपण दांडा ढकलला आणि आत एक दातेरी चाक सरकून दुसऱ्यात जाऊन बसलं. १८९० च्या दशकात, पॅरिसच्या पानार-लव्हासोर कंपनीच्या गाड्यांमध्ये खरोखर तसंच होतं. दातेरी चाकं सरकत आणि एकमेकांवर आपटत गुंतत. त्याचा आवाज अख्ख्या गल्लीला ऐकू जाई.

आजच्या गाडीत पुढे जाण्याच्या गिअरची चाकं कधीच वेगळी होत नाहीत. पहिल्याची जोडी, दुसऱ्याची जोडी, पाचव्याची जोडी, सगळ्या सदैव एकमेकींत गुंतून फिरत असतात. फक्त प्रत्येक जोडीतलं एक चाक आपल्या दांडीवर सैल फिरत असतं. आपण दांडा हलवतो तेव्हा एक स्लीव्ह सरकते आणि त्या सैल चाकांपैकी एकाला दांडीशी जखडून टाकते. इतकंच. सगळे वाद्य घेऊन बसलेले आहेत, वाजवतच आहेत; आपण फक्त कुणाचा आवाज बाहेर जायचा ते ठरवतो.

पण जखडायचं म्हणजे दोघांचा वेग सारखा हवा. फाट्यावर न थांबता नुसती मंदावणारी एसटी आठवा. तिच्याबरोबर चार पावलं धावलेल्या माणसाचा पाय पायरीवर अलगद पडतो, आणि उभ्या जागेवरून दांडी पकडणारा फरफटतो. गिअरबॉक्समधलं हे बरोबर धावण्याचं काम एक पितळी रिंग करते, सिंक्रो रिंग. स्लीव्ह सरकू लागली की ती आधी या रिंगला पुढे दाबते. रिंगची आतली बाजू निमुळती असते. ती गिअरच्या शंकूवर घासून दोघांचे वेग जवळ आणते. आणि खरी करामत पुढे आहे. वेग जुळेपर्यंत रिंगचे बारीक दाते स्लीव्हच्या वाटेत आडवे उभे राहतात. तुम्ही कितीही घाई करा, रिंगचा होकार येईपर्यंत गिअर पडत नाही. दांडा ढकलताना मध्येच तळहाताला मऊसा अडथळा जाणवतो आणि मग तो ‘टक्’ करून आत जातो ना? तो अडथळा म्हणजे ही रिंग. निम्म्या सेकंदाहून कमी वेळ ती तुम्हाला थांबवते.

ही युक्ती १९२८ साली कॅडिलॅक गाड्यांमध्ये प्रथम आली. ती काढणाऱ्या अमेरिकी अभियंत्याचं नाव अर्ल थॉम्पसन. त्याआधी, आणि सिंक्रो नसलेल्या गाड्यांवर त्यानंतरही कित्येक वर्षं, ड्रायव्हरला हा मेळ स्वतः घालावा लागे. क्लच दाबून न्यूट्रल, क्लच सोडून कानाने ऐकत एक ॲक्सिलरेटर, पुन्हा क्लच आणि मग खालचा गिअर. यालाच जुने ड्रायव्हर ‘डबल क्लच मारणं’ म्हणत. घाटात भरल्या गाडीवर हे न खडखडता करणारा माणूस इंजिनाचे फेरे कानाने मोजत असे. थॉम्पसनने त्या कानाची जागा पितळेच्या एका रिंगला दिली.

मला याहून जास्त थक्क करते ती त्याची पुढची वाटचाल. जनरल मोटर्समध्ये ज्या गटाने पहिला मोठ्या प्रमाणावर विकला गेलेला पूर्ण ऑटोमॅटिक गिअरबॉक्स घडवला, तो याच थॉम्पसनच्या हाताखाली काम करत होता. हायड्रामॅटिक नावाचा तो गिअरबॉक्स १९४० च्या ओल्ड्समोबील गाड्यांमध्ये आला. दांड्याची गाडी सुसह्य करणारा माणूस आणि दांडाच नको म्हणणारा माणूस, दोघे एकच. दोन्ही वेळा तो एकाच कोड्याशी झगडत होता.

रिओमधली एक दुपार

पॅडलचा जन्म मात्र आरामासाठी झाला नाही. तो झाला अडचणीच्या जागेमुळे.

जॉन बर्नार्ड हा इंग्रज रचनाकार १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात इंग्लंडमधल्या गिल्डफर्डमध्ये बसून फेरारीसाठी फॉर्म्युला वनची गाडी आखत होता. हवेला कमीत कमी अडेल अशी अरुंद गाडी त्याला हवी होती. वाटेत आडवा येत होता गिअरचा दांडा. दांडा हलवायला ड्रायव्हरच्या मांडीशेजारी जागा लागते, आणि तिथून मागच्या गिअरबॉक्सपर्यंत सळ्या न्याव्या लागतात. बर्नार्डने सळ्या काढून तारा टाकल्या. स्टिअरिंगच्या मागे दोन्ही बाजूंना कानांसारखी दोन पाती, म्हणजेच पॅडल, बसवली, एक वरच्या गिअरसाठी आणि एक खालच्या. पात्याने फक्त विजेचा इशारा द्यायचा. स्लीव्ह सरकवणारा फोर्क ढकलण्याचं काम तेलाच्या दाबावर चालणाऱ्या यंत्रणेकडे.

ही सात गिअरची फेरारी ६४० पहिल्यांदा शर्यतीत उतरली २६ मार्च १९८९ रोजी, रिओ दि जानेरोतल्या जाकारेपाग्वा ट्रॅकवर. सरावात ती इतकी बिघडत होती, की ती शेवटपर्यंत टिकेल असं तिच्याच चमूला वाटत नव्हतं. तिचा ड्रायव्हर नायजेल मॅन्सेल याने तर घरी परतायला लवकरच्या विमानाचं तिकीट काढून ठेवलं होतं, असं त्यानेच पुढे सांगितलं. सहाव्या जागेवरून सुटलेल्या मॅन्सेलचं स्टिअरिंग मध्येच सैल झालं. पिटमध्ये थांबून ते अख्खं बदलावं लागलं. आणि तरी तो जिंकला. पॅडलवर चालणाऱ्या गाडीने आपली पहिलीच शर्यत जिंकली.

त्या वर्षी ती गाडी वारंवार बंद पडली. पण दंड किंवा बिघाडाने बाहेर न पडता जेव्हा जेव्हा ती शेवटपर्यंत पोचली, तेव्हा पहिल्या तिघांतच आली. बाकीच्यांना आणखी पुरावा नको होता. सहा वर्षांनी, १९९५ मध्ये, फोर्टी नावाच्या छोट्या चमूची गाडी ही फॉर्म्युला वनमधली दांड्याची शेवटची गाडी ठरली. १९९७ मध्ये फेरारी एफ३५५ मधून ही पाती रस्त्यावरच्या गाडीत आली. आज ब्रेझासारख्या गाडीच्या ऑटोमॅटिकमध्येही ती मिळतात. पुण्याजवळ रांजणगावच्या कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या नेक्सॉनमध्येही ती आहेत.

पात्यामागे दडलेलं कोण?

इथे खरेदीला निघालेल्या माणसाने थोडं थांबावं. दांड्यामागे काय आहे ते ठरलेलं असतं: क्लच, फोर्क, स्लीव्ह, पितळी रिंग. पात्यामागे मात्र चार निरनिराळी यंत्रं असू शकतात. पातं ही फक्त घंटी. दार कोण उघडतं ते वेगळंच.

पहिलं टॉर्क कन्व्हर्टर. हरमान फॉटिंगर या जर्मन अभियंत्याने १९०५ मध्ये जहाजांसाठी याचं पेटंट घेतलं. तेलाने भरलेल्या डब्यात समोरासमोर दोन पंखे. एक इंजिन फिरवतं, त्याने ढकललेल्या तेलाने दुसरा फिरतो. मध्ये धातूचा स्पर्श नाही, म्हणून गाडी थांबली तरी इंजिन बंद पडत नाही. त्यामागे असतात सूर्य-ग्रह पद्धतीचे गिअर: मधला सूर्य, भोवती फिरणारे ग्रह आणि सगळ्यांना वेढणारं कडं. या तिघांतल्या कुणाला धरून ठेवायचं, एवढ्यावर गिअर बदलतो. ब्रेझातला सहा गिअरचा बॉक्स या जातीचा.

दुसरं ड्युअल क्लच. आडॉल्फ केग्रेस हा फ्रेंच माणूस एके काळी रशियाच्या झारच्या मोटारी सांभाळायचा. १९३९ च्या सुमारास त्याने दोन क्लचचा गिअरबॉक्स कल्पिला. तो मोठ्या संख्येने बनणाऱ्या गाडीत यायला २००३ ची फोक्सवॅगन गोल्फ आर३२ उजाडावी लागली. यात एका क्लचवर विषम गिअर, दुसऱ्यावर सम. तुम्ही तिसऱ्यात असता तेव्हा चौथा आधीच जुळून तयार असतो. रिले शर्यतीत पुढचा गडी बॅटन हातात येण्याआधीच धावू लागतो, तसं. पातं ओढलं की एक क्लच सुटतो, दुसरा धरतो, आणि चाकाकडे जाणारा जोर जवळजवळ तुटतच नाही.

तिसरं सीव्हीटी. यात गिअरच नाहीत. रुंद-अरुंद होणाऱ्या दोन पुली आणि त्यांवरचा पट्टा. अशा गाडीतलं पातं ओढल्यावर जो ‘गिअर’ पडतो, तो पुलीच्या अखंड उतारावर संगणकाने आखलेली पायरी असते.

चौथं एएमटी, आपल्याकडे २०१४ च्या मारुती सेलेरिओपासून घराघरांत पोचलेलं. आत तोच साधा गिअरबॉक्स, तीच पितळी रिंग. फक्त तुमच्या पायाऐवजी आणि हाताऐवजी यंत्राचा हात. गिअर बदलताना गाडी क्षणभर मान डोलावते, कारण यंत्रालाही क्लच दाबावाच लागतो.

घाटाची कसोटी

कोणती निवडावी हे शोरूमच्या भोवतालच्या रस्त्यावर कळणार नाही. ते घाटात कळतं.

वरंधा, ताम्हिणी, आंबोली, कुठलाही घाट घ्या. जुनी शिकवण अशी, की ज्या गिअरमध्ये घाट चढाल, त्याच गिअरमध्ये उतरा. यामागचं भौतिकशास्त्र सुंदर आहे. उतारावर ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की चाकं इंजिनाला फिरवू लागतात. हवेची वाट जवळजवळ बंद असते, पिस्टन त्या कोंडलेल्या पोकळीविरुद्ध ओढत राहतात आणि गाडी रोखली जाते. ताशी ४० च्या वेगाने आपली उदाहरणातली गाडी तिसऱ्या गिअरमध्ये सुमारे १,९५० फेऱ्यांवर असते, दुसऱ्यात २,८०० वर. म्हणून दुसरा गिअर जास्त धरून ठेवतो. आणि आजच्या इंजेक्शनच्या गाड्यांत यावेळी इंजिनाला पेट्रोल मिळतच नाही. संगणक ते तोडतो. पेट्रोल वाचेल म्हणून न्यूट्रलमध्ये घाट उतरवणारा माणूस इंजिन चालू ठेवण्यासाठी पेट्रोल जाळत असतो, वर ब्रेक तापवून जीव धोक्यात घालतो तो वेगळाच. गिअरमध्ये उतरणाऱ्याचं इंजिन फुकटात ब्रेकचं काम करतं.

दांड्याच्या गाडीत हे सगळं आपोआप तुमच्या हातात असतं. ऑटोमॅटिक ‘डी’मध्ये, म्हणजे ड्राइव्हवर, ठेवली तर मात्र काही गाड्या उतारावर पाय काढताच वरचा गिअर टाकतात आणि गाडी मोकळी सुटल्यासारखी वाटते. अशावेळी डावं पातं हे केवळ शोभेचं राहत नाही. वळणाच्या आधी एकदा ओढलं की खालचा गिअर, दोन्ही हात स्टिअरिंगवर, नजर रस्त्यावर. हेअरपिनवर समोरून एसटी आली तर डावा हात दांड्यावर नाही, स्टिअरिंगवर आहे, याची किंमत घाटात कळते. फक्त एक लक्षात ठेवा: बऱ्याच गाड्यांत ‘डी’मध्ये असताना पातं ओढलं तर थोड्या वेळाने संगणक पुन्हा कारभार हाती घेतो. अख्खा घाट एका गिअरमध्ये उतरायचा असेल तर आधी मॅन्युअल मोडमध्ये जावं लागतं.

आता दुसरी बाजू. ताशी शंभराने पाचव्यातून चौथ्यात येताना चुकून दुसरा पडला तर? पितळी रिंग बिचारी आज्ञाधारक. ती वेग जुळवते, परिणाम बघत नाही. क्लच सोडला की इंजिन एकदम सात हजार फेऱ्यांवर खेचलं जाईल आणि आतले व्हॉल्व्ह, पिस्टन पणाला लागतील. पॅडलच्या गाडीत हाच हुकूम दिला तर संगणक आधी हिशेब करतो आणि नकार देतो. दांडा ही आज्ञा असते, पातं ही विनंती. त्या विनंतीवर विचार करणारं कुणीतरी मध्ये बसलेलं असतं.

मग घ्यायची कोणती?

गिअर बदलण्यात दोन भाग आहेत: निर्णय आणि कष्ट. दांड्याच्या गाडीत दोन्ही तुमचे. साध्या ऑटोमॅटिकमध्ये दोन्ही यंत्राचे. पॅडल ही मधली वाट: निर्णय तुमचा, कष्ट त्याचे.

रोज दोन-दोन तास हिंजवडीच्या किंवा ठाण्याच्या गर्दीत सरकायचं असेल तर डाव्या पायाची दया करा. एका संध्याकाळी शेकडो वेळा दाबलेला क्लच गुडघ्याच्या लक्षात राहतो. पण तिथेही पात्यामागे कोण आहे ते विचारा. तेलाचा पंखा असलेला बॉक्स इंच-इंच सरकणं मजेत सोसतो. कोरड्या चकत्यांचा ड्युअल क्लच त्याच कामाने तापतो, कारण तो शेवटी घासणाऱ्या चकत्यांचाच खेळ आहे. चाचणीच्या वेळी चढावर थांबून पाहा, ब्रेक सोडल्यावर गाडी मागे घसरते का. पाती स्टिअरिंगबरोबर फिरतात की मागच्या खांबाला स्थिर आहेत, तेही बघा. फिरणारी पाती हातासोबत राहतात, स्थिर पाती मोठ्या वळणावरही आपल्या जागी सापडतात.

गाव दूर असेल, आसपास एकच गॅरेज असेल, खिसा सांभाळायचा असेल, तर दांडा आजही भरवशाचा सोबती. त्याची दुरुस्ती कुठलाही मेकॅनिक जाणतो. बॅटरी बसली तर चार जण धक्का मारतात, तुम्ही दुसऱ्या गिअरमध्ये क्लच सोडता आणि गाडी जागी होते. तेलाच्या पंख्याच्या गाडीला हे सुख नाही. धक्क्याचा जोर त्या तेलातच विरून जातो. आणि ज्याला गाडी समजून घ्यायची आहे, विशेषतः नव्याने शिकणाऱ्याला, मी दांड्यावर एक तरी वर्ष काढायला सांगेन. इंजिन कधी दमतं आणि कधी खुलतं हे तळहाताने एकदा शिकलं की पुढे पातं कधी ओढायचं हे कुणी सांगावं लागत नाही.

विजेच्या गाड्या येत आहेत आणि त्यांच्यात हा सगळा पेच मुळातून नाहीसा होतो. विजेची मोटर शून्य फेऱ्यांवरही पूर्ण जोर देते, म्हणून तिला हळू चालण्यासाठी कुणाची मदत लागत नाही. बदलायचे गिअर नाहीत, क्लच नाही, पितळी रिंग नाही. आणि तरीही पाती राहिली आहेत. नेक्सॉनच्या विजेच्या गाडीत ती पाय काढल्यावर गाडी किती रोखायची ते ठरवतात. ह्युंदाईने तर २०२३ च्या आयोनिक ५ एन मध्ये पाती ओढल्यावर गिअर बदलल्यासारखा हलका धक्का आणि आवाज मुद्दाम घडवून आणला आहे. जो मेळ घालायची गरजच उरली नाही, तो घातल्याचा आभास! मला यात खोटेपणा दिसत नाही. यंत्राने सगळे कष्ट उचलले तरी निर्णयातला एक घास माणसाला स्वतःच्या हाताने घ्यायचा असतो, एवढंच त्यातून कळतं.

तोवर, पुढच्या वेळी दांड्याच्या गाडीने घाटाच्या पायथ्याशी पोचाल तेव्हा तिसऱ्यातून दुसऱ्यात येताना दांडा झटकन ओढू नका. तळहात सैल ठेवा आणि हलकेच दाब द्या. मध्ये क्षणभर काहीतरी थांबवेल. थांबू द्या. आत, काळोखात, तेलात भिजलेली एक पितळी रिंग दोन वेगांना एकत्र आणत असते. तिचा होकार आला की दांडा आपणहून आत जाईल, आणि गाडी घाट चढू लागेल.